हिब्रूचं व्याकरण चुलीपाशी कसं आलं

अलिबागची इस्राएल आळी आपल्या ओळखीची. तिथल्या बेने इस्राएलांना लोक शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. त्या हिब्रूच्या व्याकरणाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

रोजच्या बोलण्यातून हिब्रू दीड हजार वर्षांहून अधिक काळ गेली होती, पोथीत मात्र टिकली. दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी तिच्या व्याकरणावर लिहिलं. पुढे स्पेनमध्ये यहुदा हय्यूज यांनी दाखवलं, की क्रियापदाच्या मुळाशी तीन अक्षरं असतात. 'कातव' म्हणजे त्याने लिहिलं, 'मिख्ताव' म्हणजे पत्र, मूळ एकच. हे त्यांनी लिहिलं अरबीत! शेजारणीकडून विरजण आणावं, तशी ही रीत अरबी व्याकरणातून आली.

१८३२ साली मुंबईत जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. ते मिशनरी, त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा. पण पुस्तक आपल्या भाषेत झालं.

या साऱ्यात बायका कुठे होत्या? युरोपातल्या यहुदी वस्त्यांत मुलगे लहानपणीच पोथी शिकायला बसत, मुली बहुधा घरीच. १८८२ मध्ये जेरुसलेमला एलिएझर बेन येहुदा यांना मुलगा झाला. त्याच्या कानावर हिब्रूच पडायची, असं त्यांनी ठरवलं. नवऱ्याने ठरवलं खरं, पण दिवसभर बाळाशी बोलायचं होतं त्याच्या आईला, देबोराला. तिला स्वतःलाच ती भाषा शिकत शिकत बोलावी लागली. आम्हाला वाटतं, तिचं नाव आधी घ्यायला हवं. १८९८ मध्ये रिशोन लेझिऑनला हिब्रू बालवाडी निघाली. तिथे नियम नाही, बोलणं आधी. कित्येक आया मग पोरांकडूनच शिकल्या. १९४९ पासून मोठ्यांसाठी 'उल्पान' नावाचे वर्ग सुरू झाले.

आपल्याकडून तिकडे गेलेल्यांना एक गोष्ट सोपी गेली असेल. मी लिहितो, मी लिहिते, हा फरक हिब्रूतही आहे: 'अनी कोतेव', 'अनी कोतेवेत'. पण नऊ बायकांत एक पुरुष आला, की हिब्रूत सगळ्यांसाठी पुल्लिंगी रूप. त्यावरून तिथल्या बायका आज वाद घालतात. आपण अशा वेळी 'सगळी आली' म्हणतो.