टेरे होटचे दोन हिंवाळे

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा विजेत्यांच्या याद्या देऊन थांबतात. कोणत्या सालीं कोणीं ढाल जिंकली हें सांगितलें कीं आपलें काम झालें असें त्यांस वाटतें. अशा यादींत अमेरिकेंतील इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे दोन हंगाम दोन ओळींत आटपतात. १९४६-४७ सालीं १७ विजय, ८ पराजय. १९४७-४८ सालीं २७ विजय, ७ पराजय. दोन्ही वर्षीं प्रांतांतील विजेतेपद या कॉलेजकडेच होतें. परंतु या दोन ओळींच्या मध्यें एका राखीव गड्याची हकीकत दडलेली आहे, आणि ती वगळली तर त्या हंगामांत स्मरणीय असें फारसें कांहीं उरत नाहीं.

टेरे होट हें वॉबॅश नदीच्या कांठचें, इलिनॉयच्या सरहद्दीजवळचें एक मध्यम शहर. तेथील हें कॉलेज मुख्यतः शाळामास्तर तयार करण्यासाठीं काढलेलें. मोठ्या विद्यापीठांचें वैभव त्याच्यापाशीं नव्हतें. पण इंडियाना प्रांतांत बास्केटबॉल खेळण्यास वैभव लागत नसे. हा खेळ एका शिक्षकानें गरजेपोटीं बनविलेला आहे. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ यानें, बर्फामुळें कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांस घरांत खेळतां येईल असें कांहीं तरी हवें म्हणून, सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. आपल्या देशांतही हा खेळ आला तो याच तरुण संघामार्फत. इंडियानांत मात्र तो आला आणि जणूं तेथेंच जन्मला असा रुजला. याचें कारण साधें आहे. लहान खेड्यांतील शाळेला फुटबॉलचे अकरा धिप्पाड गडी जमवितां येत नसत, पांच मात्र जमवितां येत. शेताचीं कामें संपलेल्या लांब हिंवाळ्यांत सगळें गांव संध्याकाळीं शाळेच्या दिवाणखान्यांत लोटे. १९२५ सालीं स्वतः नेस्मिथ तेथील शालेय अंतिम सामने पाहावयास गेला, तेव्हां ती गर्दी पाहून तोही चकित झाला.

याच प्रांताचें दुसरेंही एक चित्र आहे, व तें झांकून ठेवणें इतिहासकाराला शोभणार नाहीं. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी गुप्तमंडळाचें उत्तरेंतील सर्वांत बलाढ्य ठाणें इंडियाना हेंच होतें. शालेय सामन्यांच्या ज्या उत्सवाला सारा प्रांत लोटत असे, त्यांत केवळ कृष्णवर्णी मुलांसाठीं असलेल्या शाळांना १९४२ पर्यंत प्रवेशच नव्हता. मिश्र शाळेंतील एखादा कृष्णवर्णी मुलगा खेळे, त्याला टाळ्याही मिळत. खेळ संपल्यावर तो कोठें जेवतो आणि कोठें निजतो, याची चौकशी टाळ्या वाजविणारे करीत नसत.

तिकडे कॉलेजांचे सामने ‘कॉन्फरन्स’ या पद्धतीनें होतात. शेजारपाजारचीं, साधारण सारख्या बळाचीं कॉलेजें एक मंडळ स्थापतात, हिंवाळाभर एकमेकांच्या गांवीं जाऊन खेळतात, आणि शेवटीं ज्याचे विजय अधिक तो त्या मंडळाचा विजेता. इंडियाना स्टेटच्या मंडळांत बॉल स्टेट, व्हॅल्पराइझो, एव्हन्सव्हिल अशीं कॉलेजें होतीं. हीं नांवें देशभर कोणाच्या तोंडीं नसत. अशा लहान कॉलेजांना कीर्तीचें एकच दार उघडें होतें, आणि तें कॅन्सस सिटीला होतें. तेथें १९३७ पासून लहान कॉलेजांची अखिल देशीय स्पर्धा भरे. एमिल लिस्टन हा तिचा प्रमुख उत्पादक, आणि तिच्या उभारणींत वृद्ध नेस्मिथचाही हात होता. पुढें ती नॅशनल असोसिएशन ऑफ इंटरकॉलेजिएट बास्केटबॉल या संघटनेकडे गेली. बत्तीस संघ येत, आठवडाभर खेळत आणि एक उरे. १९४६ सालीं इंडियाना स्टेटचा संघ तेथें अंतिम सामन्यापर्यंत जाऊन सदर्न इलिनॉयकडून ४९-४० असा हरला होता. जिंकण्याची भूक अर्थातच वाढली होती.

त्या उन्हाळ्यांत संघाचा शिक्षक ग्लेन कर्टिस कॉलेज सोडून व्यावसायिक संघाकडे गेला आणि त्याच्या जागीं त्याचाच एक जुना विद्यार्थी आला. जॉन वुडन याचें वय तेव्हां पस्तीस वर्षांचें होतें. शेतकऱ्याचा मुलगा, मार्टिन्सव्हिलच्या शाळेंत कर्टिसच्या हाताखालीं १९२७ चें प्रांतिक अजिंक्यपद मिळविलेला, पर्ड्यू विद्यापीठांत देशांतील पहिल्या प्रतीचा खेळाडू म्हणून गाजलेला, पदवी मात्र इंग्रजी वाङ्मयाची. पुष्कळ वर्षें त्यानें शाळेंत इंग्रजी शिकविलें, युद्धांत आरमारांत नोकरी केली, आणि नंतर तो टेरे होटला आला. त्याच्या नव्या संघांत क्लॅरेन्स वॉकर नांवाचा एक तरुण होता. मिशिगन सरोवराच्या कांठीं पोलादाच्या कारखान्यांचें ईस्ट शिकागो म्हणून गांव आहे, तेथला तो. संघांत कृष्णवर्णी असा तो एकटाच. तो कांहीं संघाचा तारा नव्हता. पहिल्या पांचांत त्याची गणना नसे. बाकावर बसून बोलावणें आलें तर उठावें, ही त्याची जागा.

१९४७ च्या वसंतारंभीं मंडळाचें विजेतेपद मिळालें आणि कॅन्सस सिटीचें निमंत्रण आलें. त्या संघटनेच्या नियमाप्रमाणें कृष्णवर्णी खेळाडूस स्पर्धेंत मज्जाव होता. वॉकरला घरीं ठेवून इतरांनीं जावें, एवढेंच काय तें करावयाचें होतें. व्यवहारी माणसानें तेंच केलें असतें. त्याच्यावांचून संघाचें बळ कांहीं कमी होणार नव्हतें, आणि कॉलेजांत नवा आलेला शिक्षक पहिल्याच वर्षीं असें निमंत्रण नाकारून लोकप्रिय होत नाहीं. वुडननें तें नाकारलें. सभा नाहीं, पत्रक नाहीं. संघ गेला नाहीं, इतकेंच. याच एप्रिलांत जॅकी रॉबिन्सन यानें बेसबॉलच्या श्रेष्ठ संघांत पाऊल टाकलें, आणि त्याचा गाजावाजा साऱ्या देशांत झाला. टेरे होटच्या नकाराला तसे साक्षीदार नव्हते. राखीव गड्यासाठीं सोडलेल्या स्पर्धेला मथळा कोण देणार?

पुढल्या हिंवाळ्यांत संघ अधिक बलवान झाला. स्थानिक तरुण ड्वेन क्ल्यू याचा खेळ बहरला. वुडनच्या संघाची रीत अशी कीं, प्रतिपक्षाला श्वास घेऊं द्यावयाचा नाहीं. चेंडू हातीं येतांच धांवत सुटावयाचें, आणि त्यासाठीं सरावांत आधीं दमछाक करून घ्यावयाची. मंडळ पुन्हां जिंकलें, निमंत्रण पुन्हां आलें, आणि नियमही तोच होता.

हा नियम कसा मोडला हें पाहण्यासारखें आहे. कारण चरित्रकारांच्या हातांत ही हकीकत पडली कीं ती एकट्या वुडनच्या सद्‌गुणाची कथा होते. वस्तुतः १९४८ च्या मार्चांत, स्पर्धा अगदीं तोंडावर आली असतां, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजानें ही बंदी असेल तर आम्ही येत नाहीं असें कळविलें. त्या वर्षीं लंडनला ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते, आणि या स्पर्धेच्या विजेत्याला अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाच्या निवडसामन्यांत स्थान मिळणार होतें. ऑलिंपिक समितीच्या वर्तुळांतूनही, असा वर्णभेद करणाऱ्या स्पर्धेला तें स्थान कां द्यावें, असा प्रश्न निघाला. तेव्हां कोठें चालकांनीं घाईघाईनें मतें मागवून बंदी उठविली. मला यांत चालकांची फारशी निंदा करावीशी वाटत नाहीं. संस्था बहुधा अशाच हालतात. अंतःकरण पालटण्याची वाट पाहिली असती तर वॉकरची विद्यार्थिदशा संपून गेली असती. वर्षापूर्वींच्या वुडनच्या नकारानें नियम हलला नाहीं हें खरें. पण एक संघ आपलें स्थान सोडूं शकतो, एवढें त्या नकारानें दाखवून ठेवलें होतें.

बंदी उठली तरी वुडनचें मन जाण्यास होईना. खेळण्याची परवानगी मिळाली होती, राहण्याजेवण्याची नव्हती. कॅन्सस सिटी मिसूरी प्रांतांत, आणि तेथील हॉटेलें गोऱ्यांचीं. आपल्या विद्यार्थ्याला अपमानाच्या दारांत नेऊन उभें करावें काय, हा त्याचा प्रश्न होता. त्याचें उत्तर दिलें तें वॉकरच्या घरच्यांनीं आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें. त्यांचें म्हणणें, मुलानें जावें. कोणी तरी पहिला गेल्याखेरीज दुसऱ्याला वाट मिळत नाहीं. संघ निघाला. वाटेंत उपाहारगृहें वॉकरला वाढावयास नाकारीत. मग सर्वजण खाद्यपदार्थ विकत घेऊन गाडींतच जेवत. कॅन्सस सिटींत संघ हॉटेलांत उतरला आणि वॉकर एका कृष्णवर्णी धर्मोपदेशकाच्या घरीं. सोबत्यांबरोबर जेवावयाचें तर हॉटेलच्या खासगी दालनांत, इतर गिऱ्हाइकांच्या नजरेआड.

हें वाचतांना महाराष्ट्रीय वाचकाला पुण्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. पळवणकर बाळू हा आपल्या काळचा श्रेष्ठ गोलंदाज. हिंदु संघाला त्याच्या डाव्या हाताची गरज पडे. पण चहाच्या वेळीं त्याला मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांतून चहा मिळे. त्याचा भाऊ विठ्ठल हिंदु संघाचा नायक झाला तो १९२३ सालीं. चेंडूला विटाळ नाहीं आणि पेल्याला आहे, हा तर्क अमेरिकेनें आपल्याकडून उसना घेतला नसावा. तो दोन्हीकडे स्वतंत्रपणें सुचला.

१९४७ चें वर्ष उदात्त आणि १९४८ चें विजयी, अशी वांटणी सामान्यतः केली जाते. मला ती अपुरी वाटते. पहिल्या वर्षाच्या निर्णयाची किंमत सगळ्या संघानें सारखी मोजली. सर्वच घरीं राहिले. दुसऱ्या वर्षाच्या निर्णयाची किंमत एकट्या वॉकरवर पडली, आणि ती त्यानें रोज रात्रीं, परक्या घराकडे जातांना, मोजली. वुडनच्या नकाराला नैतिक तेज आहे, पण त्यानें वॉकरला मैदान मिळालें नाहीं. गेल्यानें मैदान मिळालें, पण सोबत्यांच्या शेजारची खाट मिळाली नाहीं. यांतून कोणता मार्ग घ्यावा, हें ठरविण्याचा अधिकार ज्याला सोसावयाचें होतें त्याचा. आणि वुडनचा खरा मोठेपणा मला येथें दिसतो कीं त्यानें दुसऱ्या खेपेस आपला निर्धार बाजूला ठेवून त्या घरचें ऐकलें. वॉकर त्या काळांत रोजनिशी लिहीत असे. बाकावर बसणाऱ्या गड्याची रोजनिशी असणें ही इतिहासाला क्वचित लाभणारी गोष्ट आहे.

वॉकर मैदानांत उतरला तेव्हां त्या स्पर्धेंत खेळलेला तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू ठरला. कांहीं उत्पात झाला नाहीं. संघ एकामागून एक फेऱ्या जिंकत गेला, उपांत्य सामन्यांत हॅमलिन कॉलेजाला हरवून अंतिम फेरींत पोंचला, आणि तेथें लुइव्हिल विद्यापीठाकडून ८२-७० असा हरला. स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तो पराभूत संघाच्या क्ल्यूचा. जिंकणारें लुइव्हिल हें केंटकी प्रांतांतलें. आणि केंटकींत १९०४ पासून असा कायदा होता कीं गोऱ्या व कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनीं एका विद्यालयांत शिकूं नये. तो १९५० सालीं सैल झाला. म्हणजे ज्या संघाशीं वॉकरचा संघ अंतिम सामन्यांत भिडला, त्या संघाच्या विद्यापीठांत त्याला विद्यार्थी म्हणून पाऊल टाकतां आलें नसतें.

त्याच वर्षीं वुडन लॉस एंजलिसला गेला. तेथें १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत त्याच्या संघांनीं दहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. कॉलेजांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यांत तो हरला तो लुइव्हिलशीं, तेवढ्या एकाच वेळीं. २०१० सालीं, शंभराव्या वर्षांत, तो वारला. टेरे होटच्या कॉलेजानें कॅन्सस सिटीची ढाल १९५० सालीं जिंकली. तेव्हां संघाचा शिक्षक जॉन लाँगफेलो होता.

वॉकरनें पाडलेल्या वाटेनें जे पुढें गेले त्यांत जॉन मॅकलेंडन याचें नांव अवश्य घेतलें पाहिजे. तो १९३३ ते १९३६ या काळांत कॅन्सस विद्यापीठांत नेस्मिथचा विद्यार्थी होता. खेळाच्या जनकाकडून त्यानें खेळाची विद्या घेतली, पण कृष्णवर्णी असल्यामुळें विद्यापीठाच्या संघांत त्याला खेळूं दिलें नाहीं. पुढें तो टेनेसी ए. अँड आय. या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा शिक्षक झाला. त्या कॉलेजला कॅन्सस सिटीच्या स्पर्धेंत प्रवेश मिळाला १९५३ सालीं, आणि १९५७, १९५८ व १९५९ अशीं तीन वर्षें लागोपाठ मॅकलेंडनच्या मुलांनीं ती जिंकली. परंतु त्याच्याही अगोदर, १९५४ सालीं, त्या शहरांतील दुसऱ्या एका स्पर्धेचें बोलावणें आलें असतां त्यानें एक अट घातली होती. इतर संघ ज्या हॉटेलांत उतरतील व जेवतील, तेथेंच आमचा संघ उतरेल व जेवेल; नाहीं तर येणार नाहीं. अट मान्य झाली.