तगाई आणि सतपुला

दिल्लीत खिडकी गावाजवळ सतपुला पाहताना मला आजोबांची विहीर आठवली. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी तगाई काढून ती खणली. पाणी लागलं नाही, कर्ज मात्र राहिलं.

राजधानी दौलताबादला नेणारा मुहम्मद तुघलक आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या काळात दोआबातला शेतकरी आधी करवाढीने पिचला, मग १३३० च्या दशकात दुष्काळ पडला. तेव्हा सुलतानाने विहिरी आणि पेरणीसाठी ‘सोंधार’ दिलं, म्हणजे तगाईच. पण बरनी लिहितो, पावसाअभावी शेती उभी राहिली नाही.

त्याच काळातला हा सतपुला मात्र ओढ्याचं पाणी अडवून सात कमानींतून शेतांना सोडायचा.

आजोबांनीही पुढे ओढ्यावर बांध घातला. विहिरीला पाणी आलं ते त्यानंतर.