तेलसाठ्याच्या आकड्यांची कुळकथा

‘सिद्ध साठा’ म्हणजे आजच्या तंत्राने आणि आजच्या भावात जमिनीतून नक्की काढता येईल एवढं तेल. अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला हा आकडा नियामकाच्या कसोटीवर उतरवावा लागतो. शेलने 2004 साली आपला साठा सुमारे 20 टक्क्यांनी फुगवला असल्याचं कबूल केलं, तेव्हा अध्यक्ष फिलिप वॉट्स यांना जावं लागलं. सार्वभौम देशाकडे असा हिशेब कुणी मागत नाही.

देशांच्या या आकड्यांवर आज जो संशय घेतला जातो, त्याचं मूळ ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेत आहे. मागणी घटली, भाव ढासळू लागले, तेव्हा 1982-83 मध्ये ओपेकने सदस्यांना उत्पादनाचे कोटे ठरवून दिले. वाटणीच्या वादात साठ्यालाही वजन होतं. मग आकडे वाढू लागले. आधी कुवेत, सुमारे 65 अब्ज बॅरलवरून 90 अब्जांच्या वर. 1987-88 च्या सुमारास अबू धाबी 31 वरून 92 वर, इराण 49 वरून 93 वर, आणि इराक तर नेमका 100 वर. 1990 पर्यंत सौदी अरेबियानेही 170 चे 257 केले. या उड्यांना साजेसे नवे शोध मात्र लागलेले नव्हते.

पुढे आकडे जागचे हलेनात. संयुक्त अरब अमिरातींचा साठा बीपी या तेल कंपनीच्या वार्षिक तक्त्यात जवळपास वीस वर्षं 97.8 अब्ज राहिला. दरवर्षी अब्जभर बॅरल उपसूनही दशांशसुद्धा बदलला नाही. असे तक्ते बऱ्याच अंशी सरकारांनी कळवलेल्या आकड्यांवरच उभे असतात. 1998 मध्ये कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर या भूशास्त्रज्ञांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये यावर बोट ठेवलं.

सगळी वाढ खोटी म्हणता येत नाही. राष्ट्रीयीकरणापूर्वी परदेशी कंपन्या साठा हात राखूनच सांगत, त्यामुळे काही दुरुस्ती रास्तच होती. सौदी आराम्कोने 2019 मध्ये शेअरविक्रीआधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि सुमारे 263 अब्जांचा आकडा टिकला. इराण, इराक, कुवेत यांनी अशी तपासणी जगापुढे मांडलेली नाही.

भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक आयात करतो. तेव्हा पुढची पन्नास वर्षं तेल पुरेल असं कुणी सांगितलं, तर आधी विचारावं: मोजलं कुणी आणि तपासलं कुणी?