गावकुसाबाहेरचे एक नाव

आमच्या वस्तीतून कोणी किराणा आणायला निघाले की म्हणे, "गावात जाऊन येतो." वास्तविक आमची घरे त्याच गावच्या दप्तरात होती. घरपट्टी त्याच गावाची, मतदानही त्याच गावात. तरीही 'गाव' म्हणजे ओढ्यापलीकडची घरे, आणि आम्ही राहत होतो तो 'महारवाडा'. माणसांचे नाव जागेला लागले होते आणि जागेवरून माणूस ओळखला जात होता. महाविद्यालयात इतिहास शिकवू लागल्यावर या नावाच्या मागावर जावे असे मला वाटू लागले.

'महार' या शब्दाची व्युत्पत्ती सांगणाऱ्यांची उणीव नाही. महात्मा फुले यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त तो 'महाअरी', म्हणजे मोठा शत्रू, असा लावला. आक्रमकांशी झुंजलेल्या लोकांचे ते नाव ठरवले. डॉ. रा. गो. भांडारकरांच्या नावावर 'मृताहार' ही व्युत्पत्ती सांगितली जाते. मिशनरी विद्वान जॉन विल्सन यांना 'महाराष्ट्र' म्हणजे महारांचे राष्ट्र असे वाटले. शब्द एकच, पण एकाला त्यात योद्धा दिसला, दुसऱ्याला मेलेले ढोर दिसले, तिसऱ्याला एका देशाचा मूळ मालक.

विल्सन यांचे म्हणणे आपल्याला सुखावते, म्हणूनच ते अधिक कसून तपासले पाहिजे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात 'महारठी' ही पदवी येते. पालीतील 'महावंसा'त 'महारट्ठ' हा प्रदेश येतो, तेथे धम्मप्रसारासाठी महाधम्मरक्खित थेर गेल्याचे सांगितले आहे. इसवी सन 634 चा ऐहोळेचा शिलालेख नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चा उल्लेख करतो. या पुराव्यात प्रदेशाचे नाव महारांवरून पडल्याचे कोठेही सिद्ध होत नाही. ते सिद्ध झाले नाही म्हणून आपले काही बिघडत नाही. या भूमीवरील आपला हक्क व्युत्पत्तीवर उभा नाही. तो येथे पिढ्यान्‌पिढ्या गाळलेल्या घामावर उभा आहे.

नावाचा खरा अर्थ व्यवहारात घडतो. गावगाड्यात महार म्हणजे वेसकर, सांगावा पोचवणारा, सरकारी खजिन्यासोबत धावणारा, मेलेली जनावरे ओढणारा. शिवेचा तंटा उपस्थित झाला की शीव कोठून जाते याची साक्षही तोच देई. ज्याला शिवेबाहेर ठेवले त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरत होती! या राबणुकीच्या मोबदल्यात बलुते आणि वतनाची तुटपुंजी जमीन. हे वतन म्हणजे मान नसून बेडी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले आणि 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा मात्र 1958 साली झाला.

याच नावाला दुसराही अर्थ मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. 1941 साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. वेशीवर जे नाव हाक मारून हुकूम सोडण्यासाठी होते, तेच सैनिकाच्या खांद्यावर अभिमानाचे झाले. अक्षरे बदलली नव्हती. संबंध बदलला होता.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपण ते नावच मागे ठेवले. महारवाड्याची 'बौद्धवाडी' झाली. सातारा-सांगलीकडे लोक 'राजवाडा' म्हणू लागले. पुढे डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. परंतु पाटी बदलूनही वस्ती ओढ्याच्या त्याच बाजूला राहिली, तर उद्या 'भीमनगर' या शब्दालाही जुनाच अर्थ चिकटेल. नव्या नावांना जुनी घाण फासण्याची कला या समाजाला चांगली अवगत आहे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपण बौद्ध झालो, मग दाखल्यासाठी आजोबांची 'महार' ही नोंद का शोधायची?" बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती 1990 साली मिळाल्या, त्यासाठी पूर्वीची जात मात्र सिद्ध करावी लागते. मी त्याला म्हणालो, "बाळा, ती नोंद म्हणजे तुझी ओळख नव्हे. तुझ्या आजोबांवर जे लादले गेले, त्याचा तो पुरावा आहे. ओळख तू निवड, पण पुरावा हरवू नकोस."

माझी आई अजूनही "गावात जाऊन येते" असेच म्हणते. तिचे हे वाक्य ज्या दिवशी निरर्थक ठरेल, त्या दिवशी या नावाचा इतिहास पूर्ण झाला असे मी मानीन. तोवर तो लिहीत राहणे हे आपले काम आहे.