लाल बदामाचा धनी

इंग्रजी ‘आय’, लाल बदाम आणि खाली ‘एन वाय’. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी हा टी-शर्ट आपण हमखास घेतो. त्याचे कर्ते मिल्टन ग्लेझर (१९२९–२०२०) हे हंगेरीहून आलेल्या ज्यू दांपत्याचे चिरंजीव.

१९५४ साली मित्रांबरोबर त्यांनी ‘पुश पिन स्टुडिओ’ काढला. तिथे केलेले बॉब डिलनचे पोस्टर, काळी छायाकृती आणि रंगीबेरंगी केसांचे, घरोघरी लागले. १९७४ मध्ये त्यांनी स्वतःचा स्वतंत्र स्टुडिओ थाटला.

न्यूयॉर्क शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. १९७७ मध्ये पर्यटकांना आकर्षित करण्यासाठी राज्याने मोहीम काढली. ग्लेझर यांनी टॅक्सीत बसल्या बसल्या लाल क्रेयॉनने हे चिन्ह रेखाटले आणि एक पैसाही न घेता देऊन टाकले. ११ सप्टेंबर २००१ नंतर त्याच बदामाच्या कडेला त्यांनी काळा डाग काढला: शहर जखमी होते, प्रेम मात्र वाढले होते.

कामाचे मोल तासांवर मोजणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनिअरला हा हिशेब सुटत नाही. पण राहत्या गावाचे आपण काही देणे लागतो, हे स्थलांतरितांच्या या मुलाने ओळखले होते. आपल्या मुलांनाही ते कळावे, एवढेच वाटते.