कृष्णाकाठ आणि अब्जांश कण

पाणी निवळण्याची विद्या आपल्याकडे आजची नाही. पुराचे गढूळ पाणी आले की घरोघर तुरटी फिरवीत, निवळीची बी उगाळीत, तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवीत. गाळ खाली बसे, काही जंतूही मरत. ते का मरतात, हे मात्र फारसे कुणी विचारीत नसे. ज्या शास्त्राने हा प्रश्न पुढे नेला त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू. मौज अशी की, त्यात आपल्या सातारा जिल्ह्याचाही वाटा आहे.

१८५७ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून दाखविले. पिवळे सोने चक्क माणकासारखे तांबडे दिसू लागले! पदार्थ तोच, पण कण लहान होताच त्याचा गुण पालटला. पुढे १९५९ च्या डिसेंबरात अमेरिकेत रिचर्ड फाइनमन यांनी एका व्याख्यानात, अणू एकेक करून मांडता येतील, अशी कल्पना मांडली. आणि १९७४ साली जपानचे तानिगुची यांनी 'नॅनोटेक्नॉलॉजी' हे नाव प्रथम वापरले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश.

आता लहान केल्याने एवढे काय साधते? एक सेंटिमीटर बाजूचा साखरेचा चौकोनी खडा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे पाडले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! सांगलीकडच्या ऊसवाल्याला हा हिशेब नीट कळेल. रसायनक्रिया घडते ती पृष्ठभागावर. तेव्हा चिमूटभर द्रव्य केवढे काम करील ते पाहा.

ह्याच पृष्ठभागाच्या अभ्यासातून डॉ. सुलभा कुलकर्णी ह्या शास्त्राकडे आल्या. घाटांच्या, ढोल्या गणपतीच्या आणि विश्वकोशाच्या वाईत त्या वाढल्या, मराठी शाळेत शिकल्या. पुणे विद्यापीठात पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवून त्या जर्मनीत म्युनिकला गेल्या, परत येऊन पुण्यातच शिकवू लागल्या. झिंक सल्फाइडसारख्या अर्धवाहकांचे अब्जांश कण त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत घडविले. पुढे त्या पुण्याच्या आयसर संस्थेत गेल्या. त्यांचे पाठ्यपुस्तक आज ह्या विषयाचे विद्यार्थी वापरतात.

पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एका बुरशीकडून चांदीचे अब्जांश कण करवून घेतले. चांदी जंतूंना मारते हे जुनेच ज्ञान. पण असे कण नुसते पाण्यात सोडले, तर ते वाहून जातील आणि नदीतले निरुपद्रवी, उपयोगी जीवही मारतील. म्हणून त्यांना कशाला तरी बांधून ठेवावे लागते. २००९ साली बाजारात आलेल्या 'टाटा स्वच्छ' गाळणीत ते भाताच्या तुसाच्या राखेवर बसविले होते. तिला ना वीज लागे, ना नळ.

दुसरी वाट उन्हाची. १९७२ साली जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन केले. तेच द्रव्य सांडपाण्यातले रंग आणि इतर सेंद्रिय घाणही फोडू शकते. अडचण एवढीच की, त्याला अतिनील किरण लागतात, आणि आपल्या भरपूर उन्हातही त्यांचा वाटा थोडाच असतो.

हे सगळे आपल्याला कशासाठी हवे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. सगळीकडे पाणीच पाणी, पण प्यायला घोट मिळेना. अशा वेळी वीज नसताना चालणारी गाळणी घरात असणे म्हणजे घरातले मूल आजारातून वाचणे. मात्र गाळणी घराची राखण करील, नदीची नव्हे. वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली ह्या वाटेवर गावांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया न होता कृष्णेत उतरत राहिले, तर कुठलाही कण तिला पुरा पडणार नाही. ते काम नगरपालिकांचे, कारखान्यांचे आणि त्यांना जाब विचारणाऱ्या तुमचे-आमचे आहे.