महाविद्यालयीन कार्यभार : मोजणी आणि वाटणी

प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासच काम असते, हा समज समाजात दृढ आहे. प्रत्यक्षात सोळा हा आकडा केवळ अध्यापनाचा आहे. प्राध्यापकाचा संपूर्ण कार्यभार त्याहून पुष्कळ मोठा असतो. महाविद्यालयात किती पदे असावीत, कोणी काय शिकवावे आणि उरलेली कामे कोणाच्या वाट्याला यावीत, हे सारे या कार्यभाराच्या हिशेबावर ठरते. बीड जिल्ह्यासारख्या भागात तर विद्यार्थ्याचे शिक्षण पुरे होणार की मध्येच खंडित होणार, याच्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तासांचा असून तो वर्षातील ३० कार्यसप्ताहांसाठी, म्हणजे १८० अध्यापन दिवसांसाठी असतो. अध्यापकाने दररोज किमान पाच तास संस्थेत उपलब्ध असणे अपेक्षित आहे. या ४० तासांपैकी प्रत्यक्ष अध्यापनाचे तास सहायक प्राध्यापकासाठी १६, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांच्यासाठी १४ आहेत. प्रशासन वा विस्तारकार्य सांभाळणाऱ्यास अध्यापनाच्या तासांतून आठवड्याला दोन तास त्यासाठी देता येतात. मे २०१६ मध्ये आयोगाने अध्यापनाचे तास वाढविले होते. देशभरातील प्राध्यापक संघटनांनी आंदोलन केल्यावर त्याच वर्षी ती वाढ मागे घेण्यात आली.

उरलेल्या २४ तासांत पूर्वतयारी, संशोधन, उत्तरपत्रिका तपासणी, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि समित्यांची कामे बसवायची असतात. वेळापत्रकात या कामांची नोंद नसते आणि वाटणीतील वाद बहुधा येथेच उद्भवतात.

तासांवरून पदे

बीड जिल्ह्यातील महाविद्यालये २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या आणि १९९४ मध्ये नामविस्तार झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. अनुदानित महाविद्यालयात विषयाचे एकूण साप्ताहिक तास काढून त्यांवरून पदांची संख्या ठरविली जाते. एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या भाषा विभागात पदवीच्या तीन वर्षांच्या मुख्य विषयाचे तास आठवड्याला २४ आणि इतर अभ्यासक्रमांचे ८, असे एकूण ३२ तास होत असतील, तर १६ ने भागून दोन सहायक प्राध्यापकांचा कार्यभार निघतो.

पद निघाले म्हणून ते भरले जाईलच, असे नाही. राज्यात मे २०१७ मध्ये पदभरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने रिक्त पदांच्या ४० टक्के, म्हणजे ३,५८० पदे भरण्यास अनुमती दिली. त्यांपैकी उरलेल्या २,०८८ पदांच्या भरतीची वाट २०२१ मध्ये मोकळी झाली. मधल्या काळात रिकाम्या जागांवरील अध्यापन तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी सांभाळले. त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर मोजले जाते. तयारीचा वेळ त्यात स्वतंत्रपणे धरला जात नाही.

याचा परिणाम दुहेरी होतो. वरील उदाहरणात दोनपैकी एक पद रिक्त असेल, तर १६ तास तासिका तत्त्वावर शिकविले जातील. परंतु प्रवेश, परीक्षा, राष्ट्रीय सेवा योजना व नॅकची कागदपत्रे ही दोघांची कामे एकट्या कायम प्राध्यापकाच्या खांद्यावर येतील. अध्यापनाचे तास भरून निघतात, विभागाचे मनुष्यबळ मात्र निम्मेच राहते.

श्रेयांक पद्धतीने वाढलेली गुंतागुंत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. तीत एका श्रेयांकासाठी सत्रात १५ तास सिद्धान्ताचे किंवा ३० तास प्रात्यक्षिकाचे असतात. चार श्रेयांकांची सिद्धान्ताची अभ्यासपत्रिका म्हणजे सत्रात ६० तास. मुख्य व गौण विषयांसोबत कौशल्य, मूल्यशिक्षण, क्षेत्रप्रकल्प व कार्यानुभव आल्याने कोणता अभ्यासक्रम कोणत्या विभागाच्या कार्यभारात धरायचा, हा प्रश्न दर सत्रारंभी सोडवावा लागतो.

बीडचे वेगळेपण

ऊसतोडीचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कारखान्यांकडे जातात. महाविद्यालयाचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. पालकांसोबत फडावर गेलेल्या किंवा घरी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांशी संपर्क राखणे, बुडालेले तास भरून काढणे, परीक्षेचा अर्ज वेळेत भरून घेणे, ही कामे कोणा ना कोणा अध्यापकाला करावीच लागतात. सोळा तासांच्या हिशेबात त्यांना स्थान नाही. जे काम मोजले जात नाही, ते ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे जाते किंवा राहून जाते. राहून गेले, तर त्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

वाटणी न्याय्य कशी करावी?

ब्रिटनमध्ये १९९२ नंतर विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांच्या राष्ट्रीय सेवाकरारात अध्यापनाची कमाल मर्यादा वर्षाला ५५० तास आणि आठवड्याला १८ तास अशी आहे. आपल्याकडे १६ तासांचे ३० आठवडे धरले, तर ४८० तास होतात. म्हणजे दोन्हीकडच्या आकड्यांत फार मोठे अंतर नाही. तेथील अनेक विद्यापीठांत अध्यापनेतर कामांनाही तासांचे मूल्य देऊन तो तक्ता विभागात सर्वांसमोर ठेवतात.

हे आपल्याकडे प्राचार्य व विभागप्रमुखांच्या पातळीवरही करता येण्याजोगे आहे. सत्रारंभी सर्व कामांची यादी करावी, प्रत्येक कामाला अंदाजे तास द्यावेत आणि परीक्षा, प्रवेश यांसारख्या जड जबाबदाऱ्या आळीपाळीने सोपवाव्यात. नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाला पहिल्याच वर्षी सर्व नव्या अभ्यासपत्रिका देऊ नयेत. तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडून मानधनाबाहेरची कामे गृहीत धरू नयेत. स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांशी संपर्काचे काम या यादीत स्वतंत्रपणे नोंदवावे. अशा तक्त्याने रिक्त पदे भरली जाणार नाहीत, हे खरे. परंतु कोणावर किती भार आहे हे सर्वांना दिसेल आणि पदांची मागणी करताना महाविद्यालयाच्या हाती ठोस आधार राहील.